पथ्य पुरेनासं होतं तेव्हा

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की बावधननंतर भूगाव येतं. मूळ गावठाण, मानस तलावाच्या बाजूची वस्ती आणि गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या सोसायट्या, असं सगळं इथे एकत्र नांदतं. इथल्या गरोदर बाईपुढे दोन वाटा असतात. एक कोथरूडकडची, खासगी दवाखान्याची. दुसरी पौडकडची, सरकारी आरोग्यसेवेची. साडेपाच-सहा महिन्यांच्या सुमाराला दोन्हीकडे तिला पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात. साखर वाढलेली निघाली की आधी पथ्य सांगतात. त्यानंतर मात्र उत्तरं वेगळी होत जातात. कुणी म्हणतं, पंधरा दिवस पथ्य करून या. कुणी त्याच दिवशी गोळी लिहून देतं. कुणी म्हणतं, गोळी नको, थेट इन्सुलिन घ्या. सोसायटीतल्या दोन शेजारणींचे आकडे जवळपास सारखे आणि उपचार अगदी वेगळे, असं झालं की त्यातला एक डॉक्टर चुकला असणार असं घरच्यांना वाटतं.

बहुतेक वेळा चुकलेलं कुणीच नसतं. पथ्यानंतर काय, या प्रश्नावर वैद्यकशास्त्रातच एकमत झालेलं नाही. वाद कुठे आहे, कुठे मिटला आहे आणि पुणे परिसरातल्या बायकांसाठी त्यातलं काय महत्त्वाचं आहे, याचा हा आढावा.

आजार आणि आकडे

गरोदरपणात वारेतून जी संप्रेरकं स्रवतात, त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होत जातो. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ती उणीव भरून काढतं. काहींना ते जमत नाही; हाच गरोदरपणातला मधुमेह. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतः जास्त इन्सुलिन बनवायला लागतं आणि बाळाच्या अंगावर चरबी चढते. जन्मल्यावर साखरेचा पुरवठा एकदम तुटतो, इन्सुलिन मात्र तेवढंच राहतं आणि बाळाची साखर घसरते. डेन्मार्कच्या पेडरसन यांनी मांडलेला हा विचार आजही उपचारांचा पाया आहे.

निदानाचे पहिले निकष ओसलिव्हन आणि महान यांनी १९६४ मध्ये बोस्टनमध्ये ठरवले. पुढे आईला मधुमेह होईल का, हे ओळखणं हा त्यांचा हेतू होता. बाळाला होणाऱ्या त्रासावर ते बेतलेले नव्हते. सौम्य वाढलेल्या साखरेवर उपचार केल्याने बाळाचा फायदा होतो का, याचं ठोस उत्तर २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हजार बायकांच्या अभ्यासातून आलं. उपचार न केलेल्या गटात बाळांमधली गंभीर गुंतागुंत चार टक्के होती, उपचार केलेल्या गटात एक टक्का. त्या उपचार गटातल्या सुमारे वीस टक्के बायकांना इन्सुलिन लागलं. २००९ च्या अमेरिकी अभ्यासात आजार आणखी सौम्य असलेल्या बायका होत्या. तिथे हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास राहिलं. म्हणजे पथ्यावर भागणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ती नेमकी किती, हे निदानाची रेषा कुठे ओढली यावर ठरतं.

ती रेषाच वादात आहे. २००८ मध्ये नऊ देशांतल्या तेवीस हजारांहून अधिक बायकांच्या अभ्यासातून दिसलं की धोका साखरेबरोबर हळूहळू चढत जातो. इथून खाली सुरक्षित आणि इथून वर धोका, अशी पायरी कुठेच सापडली नाही. मग २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपाशीपोटी ९२, एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ असे आकडे ठरवले. भारताने वेगळी वाट घेतली. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा आग्रह धरला की लांबून, बस बदलून आलेल्या बाईला उपाशी ठेवू नये. ती जेवून आलेली असो वा नसो, ग्लुकोज द्यावं, दोन तासांनी एकदाच रक्त तपासावं आणि १४० किंवा जास्त आलं तर आजार मानावा. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी आणि २०१८ च्या सुधारित आवृत्तीने हीच पद्धत स्वीकारली. या चाचणीतून बऱ्याच बायका निसटतात, असा आक्षेप चेन्नईतल्याच दुसऱ्या संशोधकांनी घेतला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. उपाशीपोटीची अट घातली तर अनेकजणी दुसऱ्यांदा येतच नाहीत, आणि न झालेल्या चाचणीतून तर सगळ्याच निसटतात.

मुळशीच्या ताटात पथ्य

मुळशी हा भाताचा तालुका. इथला आंबेमोहर आणि इंद्रायणी मऊ, चिकट शिजतो आणि लवकर पचतो. त्यामुळे जेवणानंतर साखर झरझर वर जाते. पथ्याचा छापील कागद 'भात टाळा' एवढंच सांगतो. मुळशीतल्या घरात त्याचा अर्थ जेवणच टाळा असा होतो. अनुभवी आहारतज्ज्ञ भात बंद करत नाहीत. तो एका वाटीवर आणतात आणि ताटाचा क्रम बदलतात: आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि मोडाची मटकी, मग एक भाकरी भाजीबरोबर, आणि भात शेवटी, घट्ट वरणाबरोबर. मांसाहारी घरात अंडं किंवा मासळी यायला हवी. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालणं हाही उपचारच आहे. पौड रस्त्याची रहदारी पाहता ते सोसायटीच्या आवारात किंवा गावठाणातल्या आतल्या रस्त्यावर करणं बरं.

खरी अडचण सकाळी येते. इन्सुलिनला होणारा विरोध पहाटे आणि सकाळी सर्वात जास्त असतो, आणि आपला नाश्ता म्हणजे पोहे नाहीतर उपमा, वर साखरेचा चहा. म्हणून सकाळचा नाश्ता दोन भागांत, दोन तासांच्या अंतराने खावा असा सल्ला देतात. साधा उपाय आहे आणि आकड्यात फरकही दिसतो. पिरंगुटच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या बाईला दुसरा अर्धा नाश्ता कधी आणि कुठे खायचा, हे मात्र कागदावर लिहिलेलं नसतं.

उपवासाचं वेगळंच. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी आणि रताळं खाल्लं की एरवी पाळलेलं पथ्य त्या दिवशी पार कोलमडतं. नाचणी शुगरला चालते, हा समजही जपून घ्यावा. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, पण शेवटी ती धान्यच आहे आणि तिची पातळ पेज भाकरीपेक्षा लवकर साखर वाढवते.

पथ्य न पाळण्याबद्दल सगळेच बोलतात. पथ्याच्या अतिरेकाकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. सुईच्या धास्तीने बाई भात सोडते, भाकरी अर्धी करते आणि रात्री नुसतं ताक पिऊन झोपते. पंधरा दिवसांनी रिपोर्ट छान येतो. वजन मात्र वाढलेलं नसतं, कधी उतरलेलंही असतं. हे नियंत्रण नव्हे, उपासमार आहे. गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत, अशी अमेरिकी मधुमेह संघटनेची शिफारस आहे. पथ्य यशस्वी झालं की नाही हे ठरवताना साखरेच्या आकड्याशेजारी वजनाचा आकडाही वाचला पाहिजे.

किती दिवस थांबायचं

सरकारी सूचना इथे स्पष्ट आहेत. निदान झाल्यावर दोन आठवडे आहारोपचार. मग जेवणानंतर दोन तासांची साखर तपासायची. १२० च्या आत असेल तर पथ्यच सुरू ठेवायचं, नसेल तर औषध. पहिल्याच चाचणीत आकडा २०० च्या पुढे असेल तर पथ्याबरोबर लगेच इन्सुलिन. ब्रिटनची उपचारांचे निकष ठरवणारी राष्ट्रीय संस्था एक ते दोन आठवडे म्हणते, आणि उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त असेल तर थांबूच नका असं सांगते. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांची संघटना मोकळेपणाने कबूल करते की औषध नेमकं कोणत्या आकड्यावर सुरू करावं, याला निर्णायक पुरावा नाही.

उद्दिष्टाचे आकडे जगभर साधारण सारखे आहेत: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत. पण किती वेळा ते ओलांडले म्हणजे पथ्य पुरत नाही असं मानायचं? आठवड्यातून दोनदा, की एक तृतीयांश वेळा? इथे प्रत्येक दवाखान्याची रीत निराळी. उद्दिष्ट आणखी कडक केलं तर फायदा होतो का, हे न्यूझीलंडमध्ये तपासलं गेलं. २०२२ च्या त्या निष्कर्षात मोठ्या वजनाच्या बाळांचं प्रमाण कमी झालं नाही. बाळांमधली गंभीर गुंतागुंत कमी झाली, आईंमधली मात्र वाढली. त्यामुळे कडक उद्दिष्टाचे समर्थक आणि विरोधक दोघेही त्याच अभ्यासाचा आधार घेतात.

तिसरा विचार असा की फक्त आईची साखर का बघायची, बाळही बघावं. सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर जास्त असेल तर औषध लवकर द्यावं, आणि बाळ बेताचं असेल तर थोडी वाढलेली साखर चालवून घ्यावी. लॉस एंजेलिसमध्ये १९९४ मध्ये आणि नंतर जर्मनीत या पद्धतीचे अभ्यास झाले, त्यांचे निष्कर्ष आशादायक होते. पुण्यात मात्र ही पद्धत वापरताना एक पेच येतो. त्याकडे पुढे वळू.

यात डॉक्टरांना एक गोष्ट ठाऊक असते आणि घरी ती क्वचितच सांगितली जाते. जेवणानंतरची साखर ताटावर अवलंबून असते, उपाशीपोटीची मुख्यतः यकृतावर. सकाळची साखर वाढलेली असेल तर रात्रीचं जेवण कितीही हलकं केलं तरी ती फारशी उतरत नाही. अशा बाईला 'तू पथ्य पाळत नाहीस' असं सासूने म्हणणं जितकं अन्यायाचं, तितकंच ते डॉक्टरांनी म्हणणंही.

गोळी की सुई

इन्सुलिनची बाजू जुनी आणि भक्कम आहे. ते वारेतून बाळापर्यंत जात नाही. मात्रा हवी तेवढी कमी-जास्त करता येते. अमेरिकी मधुमेह संघटना आजही त्यालाच पहिली पसंती देते. अडचणी व्यवहारातल्या आहेत: टोचण्याची भीती, साखर एकदम उतरण्याचा धोका, थंड जागेत ठेवण्याची सोय आणि खर्च. आपल्याकडे आणखी एक जोखीम आहे. सरकारी केंद्रातली बाटली बहुधा एका मिलिलिटरला चाळीस युनिटची असते आणि तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. पेनमधलं इन्सुलिन शंभर युनिटचं असतं. एकाची सिरिंज दुसऱ्याला वापरली तर मात्रा अडीच पट चुकते. हे बाईला आणि घरातल्या निदान एका माणसाला हातात धरून दाखवलं पाहिजे.

मेटफॉर्मिन गरोदरपणात वापरण्याचा अनुभव १९७० च्या दशकापासूनचा, केपटाऊनचा. पण ते जगभर रूढ झालं ते २००८ मधल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अभ्यासानंतर. ७५१ बायकांपैकी अर्ध्यांना मेटफॉर्मिन, अर्ध्यांना इन्सुलिन दिलं गेलं. बाळांच्या गुंतागुंतीत फरक पडला नाही. गोळीवाल्या गटातल्या ४६ टक्के बायकांना पुढे इन्सुलिनही जोडावं लागलं. पुन्हा हाच उपचार घ्याल का, याला गोळी घेतलेल्या ७७ टक्के बायका हो म्हणाल्या; इन्सुलिन घेतलेल्यांपैकी फक्त २७ टक्के. ब्रिटनने पथ्यानंतरची पहिली पायरी म्हणून मेटफॉर्मिन स्वीकारलं. भारताच्या २०१८ च्या सूचनांनीही वीस आठवड्यांनंतर गोळीचा पर्याय खुला केला: ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, गरजेनुसार दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत. त्याने भागलं नाही तर इन्सुलिन.

मेटफॉर्मिनवरचा मुख्य आक्षेप असा की ते वार सहज ओलांडतं आणि बाळाच्या रक्तात जवळपास आईइतकंच पोचतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या त्या अभ्यासातल्या मुलांना पुढेही तपासत राहिले. सात ते नऊ वर्षांच्या वयात ॲडलेडच्या मुलांमध्ये दोन गटांत फरक नव्हता. ऑकलंडमध्ये मेटफॉर्मिन गटातली मुलं थोडी थोराड होती. याचा अर्थ काय लावायचा, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

ग्लिबेनक्लामाइडबाबतचा वाद मात्र बऱ्यापैकी मिटला आहे. २००० मधल्या एका अमेरिकी अभ्यासानंतर या गोळीला जोर चढला होता. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या ९१४ बायकांच्या अभ्यासात ती इन्सुलिनच्या बरोबरीची असल्याचं सिद्ध होऊ शकलं नाही. नवजात बाळांची साखर घसरण्याचा त्रास तिच्यामुळे वाढतो.

गेल्या काही वर्षांत प्रश्न दोन दिशांनी पुढे सरकला. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या गटाने २०२३ मध्ये विचारलं, पथ्य अपुरं पडण्याची वाट न बघता निदानाच्या दिवशीच मेटफॉर्मिन दिलं तर? ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट साध्य झालं नाही. तरी इन्सुलिन लागणाऱ्यांचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ३८ वर आलं आणि आईंचं वजन कमी वाढलं. नेदरलँड्समध्ये ८२० बायकांच्या अभ्यासात आधी गोळ्या आणि लागलं तरच इन्सुलिन, या क्रमाची थेट इन्सुलिनशी तुलना झाली. गोळ्यांच्या गटातल्या ७९ टक्के बायकांचं सुईशिवाय भागलं. पण गर्भाच्या वयाच्या मानाने मोठी बाळं गोळ्यांच्या गटात २३.९ टक्के निघाली आणि इन्सुलिनच्या गटात १९.९ टक्के, त्यामुळे गोळ्यांचा क्रम कमी पडत नाही असं म्हणता येईना. २०२५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या क्रमात ग्लिबेनक्लामाइडही होतं, त्यामुळे दोष मेटफॉर्मिनवर किती टाकायचा हा प्रश्न उरतोच.

पुण्याची बाळं वेगळी आहेत

वरचे जवळपास सगळे अभ्यास जिथे झाले, तिथे मुख्य भीती मोठ्या बाळाची आहे. आपल्याकडचं चित्र निराळं आहे आणि ते जगापुढे पुण्यातूनच गेलं. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातापोषणाचा अभ्यास सुरू केला. २००३ मध्ये त्यांनी तिथल्या बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. पुण्याच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याची बाळं सगळ्या मापांनी लहान होती, पण चरबीच्या मापात तेवढी मागे नव्हती. हाडा-स्नायूंनी बारीक आणि चरबीने भरलेली, अशी ही बाळं.

सोनोग्राफीचा पेच इथे येतो. पोटाचा घेर युरोपी तक्त्यावर मोजला तर आपलं बाळ 'बेताचं' दिसेल आणि डॉक्टर निर्धास्त होतील. प्रत्यक्षात त्या बेताच्या बाळाच्या अंगावरही जादा चरबी असू शकते. दुसरीकडे, मेटफॉर्मिनने जन्मवजन थोडं कमी होतं. आधीपासून टाइप दोन मधुमेह असलेल्या गरोदर बायकांच्या २०२० मधल्या अभ्यासात मेटफॉर्मिन घेतलेल्यांची १३ टक्के बाळं गर्भवयाच्या मानाने लहान निघाली. न घेतलेल्यांची ७ टक्के. जिथे बाळं साडेतीन किलोची असतात तिथे वजन थोडं उतरणं चांगलंच. जिथे ती पावणेतीन किलोची असतात तिथे तेच कितपत चांगलं, हे त्या देशांतले अभ्यास सांगू शकत नाहीत. माझ्या मते या सगळ्या चर्चेतला आपल्यासाठीचा कळीचा प्रश्न हाच आहे, आणि आपल्याकडे त्याची पुरेशी चर्चा होत नाही.

याला जोडून व्हिटॅमिन बी-१२. याज्ञिक यांच्याच अभ्यासात गरोदर बायकांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये ते कमी आढळलं. आईत फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असेल, तर सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा विरोध जास्त दिसला. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की बी-१२ चं शोषण कमी होतं, हे जुनंच ज्ञान आहे. गरोदरपणातल्या तीन महिन्यांच्या गोळीने त्यात किती भर पडते, हे वेगळं पाहायला हवं. तोवर माळकरी किंवा शाकाहारी घरातल्या बाईला मेटफॉर्मिन देताना बी-१२ चा विचार सोबत करणं शहाणपणाचं.

मोजणार कोण, आणि कुठे

परदेशी अभ्यासांतल्या बायका दिवसातून चार वेळा बोटाला टोचून साखर मोजत होत्या. पथ्य पुरतंय की नाही हे तिथे पन्नासेक आकड्यांवरून ठरत होतं. आपल्या सरकारी सूचनांनुसार पथ्यावर असलेल्या बाईची साखर अठ्ठावीस आठवड्यांपर्यंत पंधरवड्यातून एकदा आणि पुढे आठवड्यातून एकदा तपासायची असते. त्या एका आकड्यावर हळदीच्या जेवणाचा परिणाम असेल, किंवा तपासणीच्या धास्तीने दोन दिवस अर्धपोटी राहिल्याचाही. कोथरूडला जाणारी बाई ग्लुकोमीटर घेऊ शकते. पट्ट्यांचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी आशाताईंकडचा मीटर हा मार्ग काही ठिकाणी वापरला जातो, पण तो सर्वत्र आणि नियमित नाही.

दुसरी अडचण आपल्या चालीरीतीतली. पहिलटकरणीचं डोहाळजेवण सातव्या महिन्यात होतं आणि ती माहेरी जाते. पथ्य पुरेनासं झालंय की काय, हे ठरवायचा काळ नेमका तोच. भूगावात निदान झालेलं, दोन आठवड्यांची तपासणी वेल्ह्याला किंवा सोलापूरला, आणि हातात एक घडी पडलेला रिपोर्ट. नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून पथ्य सांगतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात सुरू झालेले पंधरा दिवस अशा रीतीने चौतिसाव्या आठवड्यापर्यंत लांबतात. औषध कोणतं, या वादापेक्षा हा उशीर बाळाला जास्त महाग पडत असेल. माहेरी पाठवताना ओटीबरोबर साखरेची वही आणि पुढच्या तपासणीची तारीख जायला हवी.

अजून न सुटलेलं

वीस आठवड्यांच्या आत साखर वाढलेली सापडली तर लगेच उपचार करावेत का? २०२३ मधल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात लगेच उपचार केल्यावर बाळांची गुंतागुंत ३०.५ टक्क्यांवरून २४.९ वर आली. सरकारी सूचनांनुसार पहिली चाचणी पहिल्याच भेटीत होते, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला थेट लागू आहे. त्या टप्प्यावर औषधाची घाई किती करायची, हे मात्र ठरलेलं नाही. पथ्य पुरेनासं झाल्याची एकच सर्वमान्य व्याख्या नाही. लहान आणि चरबीयुक्त बाळांच्या लोकसंख्येत मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन यांची समोरासमोर मोठी तुलना, आणि त्यातल्या मुलांचा निदान दहा वर्षं पाठपुरावा, हे काम व्हायला हवं. त्यासाठी लागणारी खेड्यातली घरं, दीर्घकाळ चालणारा अभ्यास आणि माणसं पुणे जिल्ह्याने एकदा उभी करून दाखवली आहेत.

बाळंतपणानंतरचा प्रश्न वादाचा नाही, फक्त अंमलबजावणीचा आहे. बाळ झालं की बहुतेकींचं औषध थांबतं आणि घरचे समजतात, शुगर गेली. अशा बायकांना पुढे टाइप दोन मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या जवळपास दहापट असतो, आणि ज्यांना इन्सुलिन लागलं त्यांना आणखी जास्त. सहा आठवड्यांनी पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पुन्हा करायची असते. ती सर्वात जास्त राहून जाते. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमाराला असते आणि तिला आई बाळाला घेऊन हमखास येते. त्या दिवशी सकाळी तिला उपाशी बोलावून ग्लुकोज द्यावं, बाळाला लस टोचून होईपर्यंत आणि त्यानंतर ते कुठे कण्हतंय का हे बघेपर्यंत दोन तास सहज होतात.